घर झाडणारा घराचा वैरी नव्हे

"असली भांडणे प्रॉटेस्टंटांकडे चालतात, आपल्याकडे नव्हे." हे वाक्य आपल्या कॅथलिक कुटुंबांत मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. शेजारच्या मंडळीत पंचांच्या निवडणुकीवरून वाद झाला, एखाद्या पाळकाने उपदेशपीठावरून जातिभेदावर कोरडे ओढले, स्त्रियांनी कारभारात वाटा मागितला किंवा तरुणांनी जमाखर्च दाखवा म्हटले, की आपण मान हलवतो आणि म्हणतो, पाहा, पोपमहोदयांची छाया सोडली की असे होते. ज्या घरातून भांडणाचा आवाज ऐकू येत नाही त्या घरात सारे आलबेल आहे, अशी आपली समजूत आहे. परंतु घर शांत असण्याची कारणे दोन असू शकतात. एक, त्या घरात न्याय आहे. दुसरे, त्या घरात बोलण्याची कोणाची छाती नाही. आपली शांतता यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. ख्रिस्तसभेत राहून, तिच्या वेदीभोवती उभे राहून जो तिच्यातील अन्यायावर बोट ठेवतो तो तिचा शत्रू नसतो. तो तिचा खरा पुत्र असतो. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या इतिहासात असे पुत्र आणि अशा कन्या वारंवार निपजल्या. त्यांना त्यांच्याच लोकांकडून पुष्कळ सोसावे लागले. पण त्या मंडळ्यांची सदसद्विवेकबुद्धी त्यांनी जागी ठेवली. त्यांच्याकडे कुत्सित नजरेने पाहण्याऐवजी आपण त्यांच्यापाशी चार धडे घ्यावेत, यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

कागलमध्ये राहून हा प्रश्न टाळता येत नाही. येथील घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ साली दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी आपल्या संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. वेदोक्त प्रकरणात त्यांच्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनी राजालाही शूद्र ठरवण्यास कमी केले नाही. तरीही महाराज घर सोडून निघून गेले नाहीत. त्यांनी घरातच राहून घर हलवले. शाळा, दवाखाने, पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले, त्यांत ख्रिस्ती मुलांसाठीही एक होते. पुढे कागल जहागिरीतील माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी तरुण भीमराव आंबेडकर होते. महाराजांनी त्या परिषदेत उपस्थित राहून, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असा दिलासा दलित बांधवांना दिला. ज्या मातीत एक राजा आपल्याच धर्मातील अन्यायाशी असा झुंजला, त्या मातीतील ख्रिस्ती माणसाने "घरातील गोष्टी घरातच राहू द्या" असे म्हणावे, हे शोभत नाही.

कोल्हापूर परिसरातील ख्रिस्ती समाजाची पहिली घडण आपण कॅथलिकांनी केली नाही. ती मुख्यतः अमेरिकन मिशनऱ्यांनी केली. रॉयल गूल्ड वाइल्डर हे १८४६ साली भारतात आले, काही काळ अहमदनगरला राहिले आणि १८५२ साली कोल्हापुरात दाखल झाले. त्यांची कथा आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ साली पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. मिशनऱ्याने शाळांत गुंतून पडू नये, लोकभाषेत उपदेश करावा आणि देशी मंडळ्या स्वावलंबी कराव्यात, असे त्यांचे धोरण होते. ते सर्वस्वी टाकाऊ होते असे नाही. परंतु त्यामुळे शाळा बंद पडू लागल्या. वाइल्डर यांना ते पटले नाही. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्या हाती पाटी देणे हेही शुभवर्तमानाचेच काम आहे, ही त्यांची भूमिका होती. १८६१ साली त्यांनी मिशनशाळांच्या बाजूने पुस्तक प्रसिद्ध केले. बोर्डाने कोल्हापूरचे काम बंद केले, तेव्हा त्याच साली ते बोर्डाच्या आधाराविना परत आले आणि १८७० साली प्रेस्बिटेरियन मिशनने ते काम आपल्याकडे घेईपर्यंत ते त्यांनी स्वतंत्रपणे चालू ठेवले.

याचा अर्थ असा की, आपल्या शेजारच्या या मंडळीचा पायाच वरिष्ठांशी केलेल्या एका प्रामाणिक मतभेदावर उभा आहे. वाइल्डर यांनी तोंड मिटून आज्ञा पाळली असती, तर कोल्हापूरच्या पहिल्या मिशनशाळांचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

पंडिता रमाबाई यांचे नाव आपल्या घरोघरी आदराने घेतले जाते. पण कोणत्या रमाबाईंचे? अनाथांना पोटाशी धरणाऱ्या रमाबाईंचे. बिशपांना उत्तर देणाऱ्या रमाबाई आपल्याला अडचणीच्या वाटतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी सूचना पुढे आली. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी त्यास हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा परिणाम बरा होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्या स्त्रीने कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत शास्त्रार्थ करून 'सरस्वती' ही पदवी मिळवली होती, तिला चर्चमध्ये आल्यावर पुरुषांसमोर शिकवू नको म्हणून सांगण्यात आले! रमाबाईंनी आपला संताप लपवला नाही. पुरोहितांच्या एका जोखडातून मान सोडवून दुसऱ्या जोखडात ती अडकवण्यासाठी आपण ख्रिस्ताकडे आलो नाही, असा त्यांच्या पत्रव्यवहाराचा आशय आहे. त्यांच्या धर्मसिद्धान्तविषयक सर्व मतांशी कॅथलिक माणूस सहमत होणार नाही. तसे होण्याची आवश्यकताही नाही. परंतु त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही, हे विसरता येत नाही. १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले, पुढे दुष्काळात होरपळलेल्या स्त्रिया आणि मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या, आणि १९२२ साली मृत्यू येण्यापूर्वी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचा मराठी अनुवाद पूर्ण केला. अधिकाऱ्यांशी वाद घालणारी स्त्री श्रद्धाहीन असते, असे म्हणणाऱ्यांनी या अनुवादाकडे एकदा पाहावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची गोष्ट याच वळणाची आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. ज्या समाजात मिशनरी हा 'साहेब' आणि देशी ख्रिस्ती हा त्याचा पगारी नोकर असा संबंध रूढ झाला होता, त्या समाजात टिळकांनी प्रश्न विचारला की, आपण ख्रिस्ताचे बंधू आहोत की मिशनचे चाकर? परक्या चालींवर परक्या शब्दांत केलेली उपासना मराठी माणसाच्या अंतःकरणाला कशी भिडणार, हाही त्यांचा प्रश्न होता. त्यांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती मंडळीत आणले. त्यांची भजने आज आपल्याही मिस्सेत गायली जातात. पण गाताना ती एका बंडखोराची आहेत हे आपल्या ध्यानी येत नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना स्थान होते. १९१९ साली ते वारले. त्यांनी वेतन सोडले, पण ख्रिस्ताच्या लोकांना सोडले नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मध्ये या घराच्या मनातून जात कशी हळूहळू निघाली, ते त्या माउलीने आपल्या खास विनोदी शैलीत सांगितले आहे. जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका क्षणात धुऊन निघत नाही. ती रोजच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या तांब्यात झिजवावी लागते, हा त्या पुस्तकाचा धडा मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाचा वाटतो.

या जातीपाशीच खरी परीक्षा होते. माणगाव परिषदेनंतर अठरा वर्षांनी, १९३८ सालच्या प्रारंभी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. त्यांनी ख्रिस्ताच्या शिकवणीविषयी आदर व्यक्त केला. पण ख्रिस्ती समाजाला धारेवर धरण्यास ते कचरले नाहीत. तुमच्यात शिकलेले लोक आहेत, पण अन्यायाविरुद्ध तुमचा आवाज कोठे आहे? दक्षिणेत चर्चमध्येही स्पृश्य-अस्पृश्य भेद पाळला जातो, त्याचे काय? या प्रश्नांना आपल्या पूर्वजांनी काय उत्तर दिले? बहुतेकांनी दिलेच नाही. प्रॉटेस्टंटांत मात्र काही माणसे पुढे उत्तर शोधू लागली. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी एक व्याख्यान दिले. भारतीय ख्रिस्ती ईश्वरविद्या आजवर उच्चवर्णीयांच्या वेदान्ताशी संवाद करत आली. मंडळीतील बहुसंख्य लोक ज्या वस्त्यांतून आले, त्यांच्या दुःखाशी ती बोललीच नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून दलित ईश्वरविद्या उभी राहिली. सेमिनरीत शिकलेल्या माझ्यासारख्या धर्मगुरूंच्या पिढीला अक्वायनास पाठ असे. परंतु आपल्याच धर्मग्रामातील मांगवाड्याच्या आणि महारवाड्याच्या वेदनेसाठी ईश्वरविद्येत एखादे प्रकरण असावे, हे सांगायला एक प्रॉटेस्टंट पुढे यावा लागला.

"पण आपल्यात जात नाहीच," असे म्हणणारे वाचक असतील. हे वाक्य निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ते आपल्याच गरीब भावंडांच्या पोटावर पाय आणते. कसे, ते पाहा. १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत सामावून घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. सूसाई नावाच्या एका ख्रिस्ती चर्मकाराने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८५ साली न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात तीच दुरवस्था त्याच तीव्रतेने टिकून राहते, हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही, असे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. वाचकहो, त्या पुराव्याचे साक्षीदार कोण होते? आपणच होतो. आपल्या चर्चमधील वेगळे बाक, वेगळी स्मशाने, न होणारे रोटी-बेटी व्यवहार आपल्याला ठाऊक होते. "आपल्यात जात नाही" म्हणून आपण आपली अब्रू झाकली, आणि त्याची किंमत सूसाईने भरली. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. कोणत्याही आयोगापुढे खरे बोलायचे, तर आधी घरात खरे बोलावे लागेल.

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि अस्पृश्यतेची रीत ख्रिस्तसभेत आहे, हे मान्य केले. हा कागद आपल्या किती धर्मग्रामांत वाचला गेला? गोव्यात एके काळी कोन्फ्रारियांच्या झग्याचा रंग पाहून माणसाची जात ओळखता येत असे. तामिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती स्मशानातील, मेलेल्यांनाही विभागणारी भिंत वर्तमानपत्रांतून गाजली. आपल्या महाराष्ट्रात भिंत दगडाची नसेल. पण मुलीचे स्थळ पाहताना पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे प्रत्येक आईबापाने स्वतःच्या मनाला विचारावे. एकाच परमप्रसादासाठी रांगेत उभी राहणारी दोन कुटुंबे एकमेकांच्या पंगतीला बसत नसतील, तर ती रांग कशाची साक्ष देते?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, ख्रिस्तसभेचे काम आत्म्यांच्या तारणाचे. सामाजिक न्याय हे राजकारण. आपल्यात दयेच्या कामांना तोटा नाही. नाताळात वस्त्यांत कपडे वाटले, दवाखाना काढला, की सर्व जण कौतुक करतात. पण कपडे घेणाऱ्याने पंचायतीत जागा मागितली की कपाळाला आठ्या पडतात. दयेत देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. न्यायात दोघांना एका पातळीवर यावे लागते. म्हणून दया सोपी आणि न्याय अवघड. आमोस संदेष्ट्याने मंदिरातील गीतांचा गोंगाट बंद करा आणि न्यायाला प्रवाहासारखा वाहू द्या, असे बजावले, ते राजकारण होते काय? १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या मजुरीवर विश्वपत्र लिहिले. १९७१ साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सिनडने तर न्यायासाठी झटणे हे शुभवर्तमानाच्या घोषणेचे अंगभूत अंग आहे, आणि जी ख्रिस्तसभा जगाला न्याय सांगते तिने आधी स्वतः न्यायी दिसले पाहिजे, असे स्पष्ट केले. तेव्हा हा विचार प्रॉटेस्टंटांकडून उसना आणावा लागत नाही. तो आपल्याच कपाटात धूळ खात पडला आहे.

दुसरा आक्षेप असा की, वरिष्ठांना जाब विचारणे म्हणजे एकता मोडणे. याचे उत्तर संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातच आहे. अंत्युखियात पेत्र विदेशी ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही लोक आले, तेव्हा त्यांच्या भीतीने तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. पौलाने सर्वांसमक्ष त्याचा विरोध केला. लक्षात घ्या, तो वाद पंगतीचा होता! कोणी कोणाबरोबर जेवायचे, याचा होता. ख्रिस्तसभेतील हा पहिला मोठा झगडा जणू आपल्या गावच्या वेशीवर घडला असावा, इतका तो आपल्या ओळखीचा आहे. पौलाने वेगळी मंडळी काढली नाही आणि पेत्राने पौलाला बहिष्कृत केले नाही. दोघेही एकाच ख्रिस्तासाठी रोममध्ये मेले आणि ख्रिस्तसभा दोघांचा सण एकाच दिवशी साजरा करते. आव्हिन्याँत रमलेल्या पोपमहोदयांना रोमला परत या, असे खडसावणारी सिएनाची कॅथरीन तर साधी प्रापंचिक स्त्री होती. १९७० साली तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून गौरवण्यात आले. जिवंतपणी जाब विचारणाऱ्यांना आपण गप्प करायचे आणि सहाशे वर्षांनी त्यांना आचार्यपद द्यायचे, हा क्रम थोडा लवकर उरकता आला तर बरे.

तिसरा आक्षेप अधिक गोड बोलतो. "तत्त्व मान्य आहे, पण लोक तयार नाहीत. थोडे सांभाळून घ्यावे." सांभाळून घेण्याचा शेवट काय होतो, हे दक्षिण आफ्रिकेतील एका प्रॉटेस्टंट चर्चने जगाला दाखवले. १८५७ साली तेथील केप प्रांतातील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने ठरवले की, गोऱ्या-काळ्यांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे. मात्र काहींच्या दुर्बळतेमुळे काळ्यांची उपासना वेगळ्या जागी होण्यास मोकळीक असावी. केवढी सौम्य सवलत! पण त्या सवलतीतून वेगळी चर्चेस निघाली, आणि पुढे वर्णद्वेषी राजवटीला त्याच चर्चमधून धार्मिक आधार मिळाला. त्याविरुद्ध उभे राहिलेले बायर्स नॉडे हे त्याच चर्चचे पाळक होते. १९६३ साली त्यांना उपदेशपीठ सोडावे लागले आणि १९७७ साली सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. १९८२ साली रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने ओटावा येथे वर्णभेदाचे ईश्वरशास्त्रीय समर्थन हे पाखंड आहे, असे घोषित केले. एका पंगतीत दिलेली सवलत निस्तरायला सव्वाशे वर्षे लागली. आपल्या धर्मग्रामात "सध्या असू द्या" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा.

प्रॉटेस्टंटांच्या सर्वच रीती मला मान्य आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. मतभेद झाला की नवी मंडळी काढायची, ही त्यांच्यातील जुनी व्याधी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले, हे मोठे काम झाले. परंतु मिशनच्या जमिनी आणि इमारती यांवरून अनेक ठिकाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या गेल्या. निवडणुका असल्या म्हणजे न्याय आला, असे नव्हे. तेथेही गट पडतात, पैसा बोलतो. स्त्रियांच्या दीक्षेविषयी त्यांनी घेतलेला निर्णय आणि आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण यांत अंतर आहे, तेही मी लपवत नाही. परंतु दीक्षेचा प्रश्न पुढे करून आपण बाकीचे प्रश्न दडवतो. धर्मग्रामाच्या अर्थसमितीत स्त्री असू नये, असे कोणत्या विश्वपरिषदेने सांगितले आहे? ज्या बाया चर्च झाडतात, धर्मशिक्षण देतात, आजाऱ्यांपाशी रात्री जागतात, त्यांना शाळेच्या बांधकामाचे पैसे कोठे गेले हे विचारता येऊ नये, हा कोणत्या पवित्र परंपरेचा भाग आहे?

सुधारणेच्या नावावर आरडाओरड करणारा प्रत्येक जण सुधारक नसतो, हेही तितकेच खरे. खऱ्याची पारख कशी करावी? मला तीन खुणा दिसतात. जो आतून बोलतो, म्हणजे वेदीपाशी येतो, गुडघे टेकतो आणि मग बोलतो. जो सर्वांत दुर्बळाची बाजू आधी मांडतो, स्वतःच्या मानापमानाची नव्हे. आणि जो त्याची किंमत स्वतः मोजतो. वाइल्डर यांनी बोर्डाचा आधार गमावला, टिळकांनी पगार सोडला, नॉडे यांनी व्यासपीठ गमावले. ज्याच्या टीकेत त्याचे स्वतःचे काहीच खर्ची पडत नाही, त्याचे ऐकावे, पण जरा सावधपणे.

मग आपण काय करावे? मोठ्या घोषणा नकोत. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षाचा जमाखर्च चर्चच्या फलकावर लावावा आणि एका रविवारी मिस्सेनंतर त्यावर प्रश्न विचारू द्यावेत. धर्मग्राम परिषदेत दलित कुटुंबांतील आणि स्त्रियांपैकी माणसे नावापुरती नव्हे, तर मत देण्यासाठी असावीत. आपल्या शाळांत आणि दवाखान्यांत काम करणारी आया, शिपाई, चर्चचा मिर्न्योळ यांना कायद्याप्रमाणे मजुरी मिळते काय, हे आम्ही धर्मगुरूंनी आधी तपासावे, आणि मग कारखानदारांना उपदेश करावा. स्मशानातील, बाकांवरील, मिरवणुकीतील जुने मानपान मोडीत काढावेत. ज्यांना १९५० च्या आदेशाने वगळले, त्यांच्यासाठी प्रॉटेस्टंट बांधवांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे. नोव्हेंबरातील दलित मुक्ती रविवार त्यांची राष्ट्रीय चर्च परिषद आणि आपली बिशप परिषद मिळून पाळण्याचे आवाहन करतात. त्या रविवारी शेजारच्या मंडळीतील पाळकांना आणि पंचांना आपल्या आवारात बोलवावे, आणि वेदीवर नाही तर निदान पंगतीत तरी एकत्र बसावे. जेवण कोणत्या घरातून येईल हे ठरवताना पहिल्याने वस्तीतील घरांची नावे घ्यावीत. एवढ्यानेच किती कुटुंबे त्या दिवशी काही कारण काढून घरी राहतात, ते दिसेल. आणि आपल्यात जात आहे की नाही, या वादाचा निकाल आपोआप लागेल.

ऐक्याची प्रार्थना आपण दर वर्षी जानेवारीत करतो. १९६४ साली द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ऐक्यावरच्या आपल्या आज्ञापत्रात ख्रिस्तसभेला अखंड सुधारणेची गरज असते, असे मान्य केले. म्हणजे ऐक्याचा रस्ता सुधारणेतूनच जातो. दोन घरे एकमेकांच्या अंगणातील कचरा मोजत बसली, तर ती कधीच एक होणार नाहीत. दोन्ही घरांत झाडू हातात घेतलेली माणसे जर एकमेकांना ओळखू लागली, तर कदाचित होतील. आपल्या घरात असे कोणी उठले, तर त्याच्या हातातील झाडू काढून घेऊ नका. दुसरा झाडू घेऊन त्याच्या शेजारी उभे राहा.